सुटेल असा सांधा

गेल्या आषाढात भिवंडीजवळच्या आमच्या पूर्णा गावच्या भजनी मंडळाची पेटी माझ्या गाळ्यात आली. बुवांनी ती टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "दादा, भाता मारून हात मोडून येतो, पन सूर धरत नाय." सप्ताहाला अठरा दिवस उरले होते. मी झाकण काढलं, पट्ट्या उचलल्या, भाता पूर्ण उघडला आणि दुखणं सापडलं. घडीच्या कोपऱ्यांवर मऊ चामड्याचा तुकडा हवा. तिथे कुणीतरी पांढरा डिंक जाड थापून कापड चिकटवलं होतं. वाळून तो नखासारखा कडक झालेला. भाता उघडमीट करताना दर वेळी तो तिथेच मोडत गेला, आणि त्या मोडीतून वारा निघून जाऊ लागला.

ज्याने कुणी ते केलं त्याच्यावर मी रागावलो नाही. त्याने घट्ट काम केलं होतं. इतकं घट्ट, की खालचा पुठ्ठा फाटला तरी डिंक सुटेना. पण भात्याला घट्टपणा नको असतो.

पेटी ही सुताराच्या दृष्टीने फार अवघड वस्तू आहे. सागाचं खोकं, भात्याला पुठ्ठा, वर सुती कापड, कोपऱ्यांना शेळीचं पातळ चामडं, पितळेचे सूर, लोखंडी स्प्रिंगा, पट्ट्यांवर सेल्युलॉइड. एवढ्या जाती एका खोक्यात, आणि सगळ्यांनी मिळून वारा कोंडून ठेवायचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पॅरिसच्या आलेक्सांद्र दबॅं यांनी तिचं पेटंट घेतलं तेव्हा ती पायाने भाता मारायची, खुर्चीवर बसून वाजवायची होती. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास भाता मागच्या बाजूला घेतला, हाताने चालणारी पेटी केली, आणि ती मांडी घालून बसणाऱ्यांच्या देशात देवळादेवळांत पोचली. आमच्या गावातही ती अशीच कधीतरी आली. ती पहिली पेटी माझ्या आज्याने दुरुस्त केल्याचं घरात सांगतात, आणि त्याने ती सरसाने दुरुस्त केली होती.

सरस हा शब्द आता माझ्या गाळ्यातल्या पोरांना माहीत नाही. पूर्वी तो तपकिरी काचेच्या तुकड्यांसारखा मिळायचा. चामड्याच्या कातरणी आणि हाडं शिजवून त्यांचा अर्क काढायचा, आटवायचा, वड्या पाडून वाळवायच्या. आजा रात्री तुकडे थंड पाण्यात भिजत घालायचा. सकाळी ते फुगून खरवसासारखे लिबलिबीत व्हायचे. मग मोठ्या डब्यात पाणी, त्यात लहान डबा, खाली कोळसा. सरळ विस्तवावर ठेवायचं नाही, उकळी येऊ द्यायची नाही. साठ-पासष्ट अंशांच्या वर गेला की सरसाची ताकद मोडते. आज्याकडे थर्मामीटर नव्हता. तो बोट बुडवायचा, आणि बोट क्षणभर ठेववलं पण जास्त ठेववलं नाही की म्हणायचा, झालं. मी पुढे थर्मामीटर लावून पाहिलं आहे. त्याचं बोट बरोबर सांगत होतं.

आजी माळकरी. सरसाचा डबा तिने कधी घरात येऊ दिला नाही. सरसाची चूल पडवीच्या पलीकडे, गोठ्याच्या कडेला. कशापासून होतो ते तिला ठाऊक होतं आणि वासही तसाच होता. पण त्याच सरसाने जोडलेल्या पेटीपुढे ती एकादशीला टाळ घेऊन बसायची. पखवाजाचं कातडंही कुठून येतं हे तिला ठाऊकच होतं. यात तिला काही अडचण वाटल्याचं मला आठवत नाही.

सरस चिकटतो दोन टप्प्यांत. गरम लावला की गार होताना गोठतो आणि लगेच धरतो. मग आतलं पाणी हळूहळू लाकडात, कापडात, चामड्यात जातं, आणि तो आकसत आकसत दोन्ही वस्तूंना जवळ ओढतो. ही ओढ किती जबर असते ते काचेवर दिसतं. घासून खरखरीत केलेल्या काचेवर सरस जाड लावून वाळवला, तर तो आकसताना काचेचे टवके उपटून काढतो. नक्षीची काच करायची ही जुनी रीतच होती. अशी ओढ असूनही ओलं फडकं आणि ऊब मिळाली की तोच सरस पुन्हा विरघळतो. ज्या वस्तूला दहा वर्षांनी उघडावं लागणार हे नक्की आहे, तिच्यासाठी याहून चांगला डिंक माझ्या माहितीत नाही.

मिरजेच्या सतारमेकरांनी हे पिढ्यान्‌पिढ्या जपलं. तिथली कहाणी मला फार जवळची वाटते, कारण ती हत्यारांच्या कारागिरांची आहे. शिकलगार म्हणजे तलवारींना धार लावणारे, पाणी देणारे. तलवारींचे दिवस संपले तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, मिरजेच्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब तंबोऱ्याकडे वळले. तंबोऱ्यात दोन परके पदार्थ समोरासमोर येतात. एक भोपळा, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतला, वाळवलेला, पातळ आणि ठिसूळ. दुसरं तुणीचं लाकूड. भोपळा एका तऱ्हेने सुकतो, लाकूड दुसऱ्या. त्यांच्या सांध्यावर तारांचा ताण चोवीस तास असतो, आणि सांधा मेला तर नाद मेला. तिथे सरस लागायचा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला घरातल्या कुणाचा सत्कार झाल्यासारखा आनंद झाला.

पण सरसाचा एक दोष आहे आणि आमच्या मुलखात तो मोठा आहे. पावसाळा. जून ते सप्टेंबर खाडीवरून येणारा दमट वारा सरसाला मऊ करतो, त्यावर बुरशी धरते, झुरळं तो कुरतडतात. म्हणून आज्याने सरस फक्त घरात राहणाऱ्या वस्तूंना लावला. बाहेरच्या कामात त्याचा विश्वास सांध्यावर होता. कुसू आणि खाच अशी बेतायची की ठोकून बसवल्यावर बाहेर यायला नको.

लोखंड आणि लाकूड जोडायला त्याच्याकडे डिंकच नव्हता, तरी त्याने जन्मभर तेच जोडलं. बैलगाडीच्या चाकाची धाव. लाकडी चाक तयार झालं की लोहार त्याहून किंचित लहान लोखंडी पट्टीचं कडं करायचा. शेणी रचून त्यात ते लाल करायचं, चौघांनी सांडशीने उचलून चाकावर बसवायचं आणि लगेच पाणी ओतायचं. वाफेचा लोट उठायचा, लाकूड जळल्याचा वास यायचा, आणि कडं आकसत जाऊन आरे तुंब्यात कचकन बसायचे. मी हे लहानपणी दोनदा पाहिलं आहे. त्या आवाजाने अंगावर काटा यायचा. चैत्र-वैशाखात लाकूड सुकून धाव ढिली झाली की गाडी ओढ्यात उभी करून ठेवायची. लाकूड फुगायचं, धाव पुन्हा धरायची. एक वस्तू उन्हाने वाढते, दुसरी पाण्याने, आणि दोघींच्या वाढण्याचा हिशेब ठेवून केलेला तो जोड होता. मला पुढे डिंकांबद्दल जे कळलं त्याचा पाया तिथे आहे.

कोयत्याची मूठ मात्र चिकटवावी लागे. त्यासाठी लाख. पळसावर, बोरीवर, कुसुंबावर एक किडा राळेसारखा थर करतो, ती लाख. तिच्यात विटेची भुकटी मिसळून मुठीच्या भोकात भरायची, कोयत्याचं शेपूट तापवून आत खुपसायचं. लाख वितळते, लोखंडाला आणि लाकडाला दोघांना धरते, गार झाली की दगड. पातं झिजलं की मूठ तापवायची, जुनं पातं ओढून काढायचं. तलवारींच्या मुठीही अशाच भरत. आणि आमच्या बायकांच्या गळ्यातली बोरमाळ? तिचा प्रत्येक मणी म्हणजे सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख. पत्र्याला चेमटू न देण्याचं काम ती करते. कोयता आणि बोरमाळ एकाच पदार्थाने उभे राहतात हे मला आज्यानेच दाखवलं.

शहापूर-जव्हारच्या डोंगरांत वारली लोक तारपा हे वाद्य करतात, त्यात सुकलेला दुधी, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचं तोंड. हे तिन्ही मधमाशीच्या मेणाने जोडलेलं असतं. मेण कमजोर म्हणावं, तर ते वारा मात्र सुटू देत नाही. नळी सरकवायची असेल तर ऊब देऊन सरकवता येते. दुधी फुटला तर नळ्या काढून दुसऱ्या दुधीला लावता येतात.

आणि आमची खाडी. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीच्या काठी मराठी आरमाराची पहिली जहाजं बांधायला घेतली. पोर्तुगीज जाणकारही त्या कामावर होते. सागाच्या फळ्यांमध्ये फट राहणारच, आणि लाकूड पाण्यात फुगणारच. म्हणून कोकणचे कारागीर फटीत कापूस ठासत आणि वर तेलात कढवलेली राळ भरत. राळ कडक नसे, फळीबरोबर दबे. दर वर्षी पावसाळ्यात होडी काठावर ओढून जुनी राळ खरवडायची, नवी भरायची. ज्या गावात माझा गाळा आहे तिथून काल्हेर-कशेळीच्या खाडीपर्यंत सायकलने जाता येतं. तिकडे गेलो की मला त्या फळ्यांची आठवण होते.

भिवंडीची जगाला ओळख मागांची. या शहराचा सगळा धंदा एका डिंकावर चालतो असं मी म्हटलं तर मागवाले मान्य करतील. खळ. ताण्याचा धागा तसाच मागावर चढवला तर धोट्याच्या घासण्याने तुटतो. म्हणून सायझिंगमध्ये तो मक्याच्या किंवा चिंचोक्याच्या पिठाच्या खळीतून काढून वाळवतात. केस बसतात, धागा ताठ होतो. कापड विणून झालं की तीच खळ धुऊन टाकायची, कारण ती राहिली तर रंग बसत नाही. कामापुरतं चिकटायचं, काम झालं की निघून जायचं. पुस्तकं बांधणारेही खळच वापरत. कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालत. माझ्या शाळेच्या वह्यांच्या पुठ्ठ्यावर ती निळसर झाक दिसायची.

मग पांढरा डिंक आला. जर्मनीत फ्रित्स क्लाट्टे या रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये त्यामागचं रसायन शोधलं होतं. आपल्याकडे बळवंत पारेख यांनी १९५९ मध्ये फेविकॉल काढला. त्यांनी मुंबईत एका लाकूडव्यापाऱ्याकडे शिपायाची नोकरी केली होती, सुतारांचे हाल जवळून पाहिले होते. आणि त्यांनी माल दुकानदाराच्या आधी थेट सुतारांपर्यंत नेला. माझे वडील तेव्हा मुंबईत एका फर्निचरच्या कारखान्यात होते. ते सांगत, चूल विझली तो दिवस आठवतो. रात्रीचं भिजवणं नाही, वास नाही, डबा उघडायचा आणि लावायचा. एकाच वर्षात सरसाची भांडी भंगारात गेली. पावसाळ्यात कपाटाचे सांधे धरून राहू लागले. सुताराच्या दिवसातले दोन तास वाचले. या डिंकाने आमच्या घरात अन्न आणलं, हे मी कधी विसरणार नाही.

पण तो एका अटीवर चिकटतो, आणि ती अट मला फार उशिरा, पैसे घालवून कळली. पांढऱ्या डिंकातही पाणी असतं. ते बाहेर पडल्याशिवाय तो पक्का होत नाही, म्हणून दोहोंपैकी एक तरी बाजू पाणी पिणारी हवी. प्लायवर सनमायका बसतो, कारण सनमायका पाणी पीत नसला तरी प्लाय पितो. १९९३ मध्ये मी पूर्ण्यात गाळा घेतला. तेव्हा मुंबईच्या जकातीबाहेर माल ठेवायला आमच्या शेतांत गोदामं उभी राहत होती, आणि गोदामांबरोबर दुकानांच्या मांडण्या, पाट्या, काउंटर यांची कामं येऊ लागली. १९९६ मध्ये मी एका दुकानाच्या काउंटरवर सनमायकाला ॲल्युमिनियमचा पत्रा पांढऱ्या डिंकाने चिकटवला, वर वजन ठेवलं. एकवीस दिवसांनी पत्रा उचलला तर खाली दूध. कडेला बोटभर वाळलेलं, आत तसंच ओलं. पाण्याला जायला वाटच नव्हती. काउंटर परत आला आणि दोन महिन्यांची कमाई त्यात गेली.

तिथे रबराचं सोल्युशन हवं होतं. दोन्ही बाजूंना लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मग एकदाच नेमकं बसवायचं, कारण नंतर सरकवता येत नाही. अमेरिकेत १९३० च्या सुमारास तयार झालेल्या कृत्रिम रबरातून हे आलं. धातू, रेग्झिन, फोम, सगळ्यांना धरतं आणि थोडं लवचिक राहतं. पण त्यातला द्रावक डोक्यात जातो. माझ्या गाळ्यात ते काम दार-खिडकी उघडल्याशिवाय कुणी करत नाही, आणि सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या हातात मी तो डबा देत नाही. हाच द्रावक थर्माकोल खातो. गणपतीच्या मखराला सोल्युशन लावून घरोघरी पोरांनी रात्री अकराला स्वतःवर रडण्याची वेळ आणली आहे. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली आणि पोरं पुठ्ठ्याकडे वळली. पुठ्ठ्याला खळसुद्धा पुरते.

ॲराल्डाइट १९४६ पासून बाजारात आहे, स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने आणलेलं. दोन नळ्या, सारखं माप, आणि पाणी नाहीच, त्यामुळे काच-लोखंड अशा दोन्ही न पिणाऱ्या बाजू ते धरतं. फक्त पृष्ठभाग खरखरीत आणि तेल काढलेला हवा. मी पोरांना पाण्याचा थेंब टाकायला शिकवतो. थेंब पसरला तर डिंक धरेल. अळूच्या पानावर राहतो तसा गोळी होऊन राहिला तर पुन्हा घासा. पॉलिथीनवर तो कितीही घासला तरी गोळीच राहतो, आणि तिथे मी स्क्रूच मारतो.

मात्र ॲराल्डाइटने मला धावेची आठवण करून दिली. एक मीटर लांबीची ॲक्रिलिकची पट्टी मी ॲल्युमिनियमवर त्याने बसवली होती, थंडीच्या दिवसांत. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ती टाणकन सुटली. नंतर हिशेब मांडला. एक मीटर ॲल्युमिनियम एका अंशाला सुमारे तेवीस मायक्रॉन वाढतं, ॲक्रिलिक सत्तरच्या आसपास. वीस अंशांचे साठ अंश झाले की ॲक्रिलिक जवळपास तीन मिलिमीटर वाढतं आणि ॲल्युमिनियम एकही नाही. दोन मिलिमीटरच्या या भांडणात कडक डिंक मध्ये सापडला. तिथे दोन-तीन मिलिमीटर जाडीचं सिलिकॉन हवं होतं, जे रबरासारखं ताणलं जाईल. आणि आरशाला सिलिकॉन लावायचं तर व्हिनेगरच्या वासाचं नको. त्यातलं आम्ल पाठीमागचा रुपेरी थर खातं. बिनवासाचं न्यूट्रल घ्यायचं. आज्याने हे ॲक्रिलिक पाहिलं असतं तर थंडीत चिकटवू नको म्हणाला असता. धाव तो उन्हाळ्यातच चढवायचा, लाकूड पुरतं सुकलेलं असताना.

आता कुणी तुटलेली वस्तू आणली की मी आधी दोन प्रश्न विचारतो. ही कुठे राहणार, उन्हात की घरात? आणि पुढे कधी उघडावी लागणार का? पहिला प्रश्न लोकांना पटतो. दुसऱ्यावर ते हसतात. म्हणतात, दादा, पक्कं करा, पुन्हा उघडायचं कशाला. पण पंख्याची मोटर, मोबाइलची काच, खुर्चीचा पाय, सगळंच आता असं पक्कं होऊन येतं की दुरुस्त करणाऱ्याला ते फोडावं लागतं. फोडलं की वस्तू संपली. गोदामांच्या मागच्या बाजूला भंगाराचे ढीग दरवर्षी उंच होतात, आणि त्यात सुताराच्या डोळ्यांना दिसतं की निम्म्या वस्तू फक्त उघडता आल्या नाहीत म्हणून तिथे आल्या आहेत. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

पेटीसाठी मी सरस शोधला. मुंबईत वाद्यांच्या दुरुस्तीवाल्याकडे दाणेदार मिळाला. पांढरा डिंक काढायला चार दिवस लागले. गरम व्हिनेगरचं फडकं ठेवायचं, मऊ झाला की बोथट पटाशीने खरवडायचं, पुठ्ठा जपत. त्याच्या खाली जुना थर होता, तपकिरी, चकचकीत, सरसाचा. तो मात्र नुसत्या कोमट फडक्याने पाच मिनिटांत सुटला आणि खालचा पुठ्ठा कोराच्या कोरा निघाला. आज्याचाच हात होता की आणखी कुणाचा, हे सांगता येत नाही. चामड्याच्या कोपऱ्याची कातर मात्र आमच्या घरच्यासारखी तिरकी होती.

गाळ्याच्या मागे मी विजेच्या शेगडीवर पाण्याचा डबा ठेवला, आत लहान डबा. वासाने पोरं बाहेर जाऊन उभी राहिली. समोर आग्रा रोडवर मेट्रोचे खांब, खाली ट्रकांची रांग. मी बोट बुडवून पाहिलं, मग नवीन कापड बसवलं, कोपऱ्यांना शेळीचं चामडं लावलं, दोन रात्री भाता अर्धा उघडा ठेवून वाळवला. सप्ताहाच्या आदल्या संध्याकाळी बुवा आले, एकदा भाता दाबून सोडला, आणि वारा धरून राहिलेला पाहून काही न बोलता पेटीला हात लावून नमस्कार केला.

नेण्याआधी मी झाकणाच्या आतल्या बाजूला कागदाची एक चिठ्ठी चिकटवली. तीही सरसानेच. पेन्सिलने लिहिलं: भात्याला सरस लावला आहे. कोमट ओल्या फडक्याने सुटेल. पांढरा डिंक लावू नये.